बाकावरची अकरा वर्षं

प्रिय मिल्या,

जय भीम.

तू गेल्याला तीन महिने होत आले. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलोय ते तुझी आठवण अनावर झाली म्हणून नव्हे. मला तुझा राग आलाय. आगरदांड्याच्या जेटीवर तिकीट खिडकीच्या मागच्या खोलीत बसलोय, दिघीहून बोट यायला पाऊण तास आहे आणि भांडायला दुसरं कुणी नाही.

उद्या सकाळी हायस्कूलच्या मैदानावर तुझ्या नावाने सामना आहे. आपल्या गावची जुनी-नवी मंडळी एका बाजूला, मुरूडची दुसऱ्या बाजूला. नाक्यावर फ्लेक्स लागलाय. तुझा हातमोजे घातलेला फोटो, खाली 'आंतरराष्ट्रीय ख्यातीचे गोलकीपर कालकथित मिलिंद'. येता-जाता बघतो मी तो. आंतरराष्ट्रीय ख्यातीचे! बघून तूच पोट धरून हसला असतास.

सकाळी आपल्या जुन्या कोचनी, हसनचाचांनी, ग्रुपवर संघाची यादी टाकली. गोलकीपर तुषार. हा तू पाहिलेला नाहीस. वायरमन आहे, अठ्ठावीस वर्षांचा, हात लांब आहेत. त्याच्याखाली दहा नावं. आणि सगळ्यात शेवटी, बाराव्या नंबरवर, 'राखीव किपर' असं लिहून पुढे माझं नाव.

मी फोन खाटेवर फेकला. सुजाताने विचारलं, काय झालं? सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही पंचेचाळीसचे, तुमचे गुडघे जिना चढताना वाजतात. तुम्हाला गोलात उभं करतील होय?" तिचं बरोबर आहे. मला उभं करू नका, मान्य. पण मग यादीत तरी कशाला घालता? तुझ्या नावाचा सामना, आणि मी पुन्हा तुझ्यामुळे बाकावर. मेलास तरी तुझं हे चालूच आहे, असं वाटलं मला. वाटलं ते लिहितोय, तुझ्यापासून काय लपवू?

उद्या जायचं की नाही हे अजून ठरत नाहीये. तेवढ्यासाठीच हे पत्र.

तुला आठवतं, आधी पहिला किपर मी होतो? आता गावात हे कुणाच्या लक्षातही नाही. आपण मावसभाऊ, शेजारी घर, तू माझ्याहून एका वर्षाने लहान. मी गोलात उभा राहायचो म्हणून तू राहायला लागलास. माझीच जुनी पँट घालून, माझ्यासारखेच गुडघे वाकवून. पुळणीवर ओहोटी लागली की चाचा बांबू रोवायचे आणि आपण दोघं आळीपाळीने उभे. चाचा बहरीनला कंपनीच्या संघातून खेळून आलेले, त्यांचा शब्द शेवटचा.

आपल्या पुळणीची वाळू मऊ. वरून आलेला चेंडू पडला की तिथेच रुततो, पुढे उसळत नाही. म्हणून आपल्या गावचा प्रत्येक किपर एकच गोष्ट शिकतो. चेंडू येताना दिसला की वाकून थांबायचं, तो पडू द्यायचा आणि मग पुढे होऊन उचलायचा. शेजारच्या गावचे लोक आपल्याला हसायचे. म्हणायचे, हे गोलकीपर नाहीत, हे तर वाळूतले मुळे-शिंपले वेचायला बसलेत.

मी एकटाच हायस्कूलच्या मैदानावर जायचो. तिथली तांबडी माती उन्हाळ्यात फरशीसारखी कडक, टप्पा पडला की चेंडू थेट तोंडावर. दोनदा नाक फुटलं माझं. पण मला कळलं. टप्पा पडायच्या आत पुढे जाऊन घ्यायचा, नाहीतर दोन पावलं मागे सरकायचं. मध्ये उभं राहायचं नाही. एवढीच विद्या. ती मी स्वतःचं रक्त सांडून मिळवली होती आणि तुला कधी सांगितली नाही. तू विचारलंही नव्हतंस तेव्हा.

मग तालुक्याचा सामना आला. मैदानावर पोचल्यावर चाचांनी नावं वाचली आणि गोलकीपर म्हणून तुझं नाव घेतलं. मला वाटलं चूक झाली. मी विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पव्या, बॉल तू चांगला पकडतोस. पन एक गोल झाला का तोंड पाडून बसतोस. मिल्याला गोल झाला तरी हसतो. मला आज हसनारा पायजे. तू बस, सेकंड हाफला बघू."

सेकंड हाफ. मी सेकंड हाफपर्यंत थांबलोच नाही. चपला हातात घेतल्या आणि शिट्टी वाजायच्या आत मैदानाबाहेर पडलो. मागून तू "पव्या, अरे पव्या" करत होतास. एसटीची वाट न बघता चालत घरी आलो. त्या दिवशी आपण जिंकलो. नंतर कळलं, दोन गोल तू खाल्लेस, त्यातला एक अगदी पुळणीवरच्या सवयीने, डोक्यावरून टप्पा गेलेला. तरीही मिरवणूक तुझीच.

त्यानंतर मी कधी खेळलो नाही. लोकांना सांगितलं, गुडघा दुखावला. गुडघा नंतर खरोखरच बिघडला, ते वेगळं.

मग तो अमेरिकेचा कागद. तुझी आत्या तिकडे नर्स. तिने तुझ्या बाबांना कुटुंबासकट तिकडे न्यायचा अर्ज केला तेव्हा आपण पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होतो. तो मंजूर झाला तेव्हा तू एकोणीस वर्षांचा. आत्या तुझी, माझी नव्हे. मी तुझ्या आईकडून भाऊ, माझं नाव त्या कागदावर कसं असणार? हे मला पक्कं कळत होतं, आणि तरीही तुम्हाला सोडायला विमानतळावर येताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही. तुला वाटलं मला रडू येतंय. मावशीने माझ्या पाठीवर हात फिरवला. मावशीला आजही तसंच वाटतं.

थांब, बोट लागली. गाड्या लावून येतो.

आलो. एक इनोव्हावाला ऐकतच नव्हता, त्याला रिव्हर्समध्येच बोटीवर चढायचं होतं. वीस वर्षं मी हेच करतोय, मिल्या. पुढे घ्या, डावीकडे घ्या, हँडब्रेक लावा. सगळे पलीकडे जातात, मी दोरी सोडतो. चांगली नोकरी आहे, तक्रार नाही. पण तू अमेरिकेत गोलकीपर झालास हे ज्या दिवशी मावशीचं पत्र आलं त्या दिवशी मी याच जेटीवर उभा होतो आणि मला जेवण गेलं नव्हतं.

दिवसा गोदामात खोकी उचलायचास, संध्याकाळी कॉलेजच्या संघात, मग ओहायोतल्या एका छोट्या क्लबात. सगळ्यात खालच्या लीगमधला क्लब, पण मावशीने पत्रात तसं काही लिहिलं नव्हतं. गावात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला एक.

आणि मग तुझी ती मेल. मुरूडच्या सायबर कॅफेत वाचली मी, शब्द न् शब्द पाठ आहे. "पव्या, इथे प्लास्टिकचं गवत आहे. बॉल असा उडतो की काय सांगू. पहिल्याच मॅचला मी आपल्यासारखा वाकून उभा राहिलो आणि टप्पा डोक्यावरून गोलात. सगळे हसले. दुसऱ्या मॅचलाही तेच. सवय जात नाही रे. तुला हायस्कूलच्या ग्राउंडवर कसं जमायचं? सांग ना. कोच म्हणतो महिनाभर बघतो."

दोन ओळींचं उत्तर होतं. मी उत्तराचं बटण दाबलं, 'प्रिय मिल्या' टाइप केलं आणि बसून राहिलो. शेजारच्या खुर्चीवर एक जण रेल्वेचं तिकीट काढत होता, त्याचं निघालं, तो गेला. मी टाइप केलेलं पुसलं आणि घरी आलो.

सात महिन्यांनी तुला लिहिलं की कामात होतो, तू कसा आहेस, इकडे सगळे मजेत. टप्प्याबद्दल एक अक्षर नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस.

तो महिना संपला आणि तुझी जागा गेली, हे मला नंतर कळलं. कसं कळलं? मी तुझा सगळा हिशोब ठेवून होतो. प्रत्येक सामन्यानंतर इंटरनेटवर तुझ्या क्लबचं पान उघडायचो. अकरा वर्षं, सहा क्लब. एक बंद पडला, एकाने काढलं, एक दुसऱ्याच गावी गेला. आणि जवळजवळ प्रत्येक यादीत तुझं नाव खाली, राखीवांमध्ये. गावाला वाटायचं तू मोठा खेळाडू. मला एकट्याला माहीत होतं की तू बसून असतोस. खरं सांगू? बरं वाटायचं. तुझं नाव वरच्या अकरांत दिसलं की माझा दिवस खराब जायचा.

भीमजयंतीला तू मावशीला घेऊन आला होतास ते आठवतं ना? विहारासमोर मंडप, तुला शाल, नारळ, पुष्पगुच्छ. माईकवाल्याने विचारलं, अमेरिकेत आतापर्यंत किती गोल अडवले? मला राहवलं नाही. मागून ओरडलो, "किती मॅच बसून काढल्या ते पण विचारा की!"

मावशीने मान खाली घातली, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आणि तू माईक घेतलास आणि हसत म्हणालास, "पव्या खरं बोलतोय. जास्त बसूनच हाय मी. बारावा नंबर." लोक हसले, टाळ्या वाजल्या, बायका म्हणाल्या, बघा किती साधा आहे. मी तुला उघडं पाडायला गेलो आणि तू त्यांना आणखी आवडलास. सांग, माणसाने जळू नये तर काय करावं?

दुसऱ्या दिवशी तू इथे जेटीवर आलास, माझ्यासाठी चहा घेऊन. भांडायला आलास असं मला वाटलं. तू बोलायला लागलास ते भलतंच. दोन्ही बोटी येऊन गेल्या तरी आपण त्या कठड्यावर बसून होतो. मी विचारलं, "लाज नाय वाटत? अकरा वर्षं नुसतं बसायला?"

तू म्हणालास, "नुसतं कुठे? सामन्याआधी पहिल्या किपरला बॉल मारून द्यायचे असतात. त्याचे हात गरम होईपर्यंत. तो माझाच काम. मग बसतो. तिथून सामना चांगला दिसतो."

"आणि त्याने घाण केली तर?"

"तर वाईट वाटतं."

मला तेव्हा वाटलं हा ढोंग करतोय. तुझ्या तोंडाकडे बघून मी ढोंग शोधत होतो. मग तू सहज म्हणालास की तो टप्पा तुझा तुलाच समजला, पण वर्ष गेलं त्यात, आणि एकदा जागा गेली की गेलीच. माझ्याकडे न बघता म्हणालास. चहाचा कप चुरगळून खिशात टाकलास आणि उठलास.

तुला माहीत होतं, मिल्या? मी मेल वाचली होती आणि गप्प बसलो, हे तुला कळलं होतं? एवढं विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर तू हसून उडवलं असतंस, आणि ते मला नको होतं. तू एकदा तरी माझ्यावर चिडायला हवं होतंस. एक शिवी, एक थोबाडीत, काहीतरी. तेवढीही संधी तू मला दिली नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मावशीने तिकडून फोन केला. म्हणाली, "अरे पव्या, इकडं केवढी मानसं आली व्हती. सगले उंच उंच. चार-पाच जन लांबून गाडी चालवत आले. तेच्या संगतीने खेलनारे गोलकीपर. एकजन माझ्याजवल आला न रडायला लागला. सूनबाईने सांगितला, तो म्हनतो, मला टप्प्याचा बॉल घ्यायला मिलिंदने शिकवला. टप्प्याचा बॉल म्हन्जे काय रे?"

मी मावशीला सांगितलं, चेंडूचं काहीतरी असतं.

फोन ठेवला आणि घरामागच्या माडाखाली जाऊन उभा राहिलो. तुझी जागा ज्यांनी घेतली त्यांना तू शिकवलंस. जे मी तुला दिलं नाही ते तू स्वतः डोकं आपटून मिळवलंस आणि फुकट वाटलंस, आणि तेही कुणाला? मला तुझं मोठेपण वगैरे वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्या उंच, रडणाऱ्या, गाडी चालवत आलेल्या अमेरिकन माणसाचा. तू त्याचे हात गरम करून दिलेस. माझे कुणी गरम करून दिले असते तर ते तूच ना?

आता खरी अडचण सांगतो, जी सुजाताला सांगता आली नाही. सकाळी यादी बघून मी तणतणत हायस्कूलवर गेलो होतो. तुषार सराव करत होता. आपल्या पुळणीवरचाच तो. उंच चेंडू आला, हा गुडघे वाकवून थांबला, टप्पा पडला आणि चेंडू डोक्यावरून जाळीत. परत आला, परत तेच. आपल्या गावची खोड ही, जाईल कशी? तो हसून केस खाजवत होता आणि मी भिंतीपाशी उभा होतो. मला आनंद झाला, मिल्या. उद्या हा सगळ्या गावासमोर गोल खाणार, या विचाराने जिवाला थंड वाटलं. दोन ओळींचं उत्तर तोंडात होतं. मी बाइकला किक मारली आणि इकडे आलो.

पुन्हा तेच. त्या मेलनंतर वीसएक वर्षांनी, वय वाढून, तू गेल्यावरसुद्धा तेच.

हे लिहीत असताना हसनचाचांची स्कूटर वाजली. उठून बाहेर गेलो. ऐंशीला आले, तरी जेटीच्या उतारावर स्कूटर आणतात. स्टँडवर लावलीही नाही, बसूनच विचारलं, "यादी बघितलीस?"

मी म्हटलं, "बघितली. चाचा, मला वगळा. एवढी वर्षं खेळलो नाही, आता बाराव्या नंबरला बसवून माझी शोभा कशाला करता?"

"शोभा?" चाचांनी स्कूटर बंद केली. मग म्हणाले, "बेटा, गोलात कोन उभा ऱ्हाईल ते ठरवायला मला दोन मिनटं न्हाय लागली. त्या शेवटच्या नावाला आठ दिवस लागले. मॅच मिल्याची हाय. मिल्याची जागा कुनाला देऊ ते समजत न्हवता."

एवढं बोलून स्कूटर वळवली आणि गेले. बोट आली, गाड्या उतरल्या, दुसऱ्या चढल्या, मी हात हलवत होतो पण लक्ष कुठे होतं?

आता बोट गेलीय. उन्हं उतरलीत. मी तुझ्याशी सरळ बोलतो.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तुझ्या अमेरिकेवर जळतो, तुझ्या शालींवर, मिरवणुकीवर जळतो. ते होतंच. पण त्याच्या खाली दुसरंच काही होतं. मला एकदा बाकावर बसवलं, एका सामन्यापुरतं, तर मी चपला घेऊन निघून गेलो आणि परत आलो नाही. तुला अकरा वर्षं बसवलं आणि तू दर वेळी बूट बांधून हजर. मला तुझ्या त्या बसण्याचा हेवा वाटतो, मिल्या. ते मला कधी जमलं नाही. गोलकीपर मी तुझ्यापेक्षा बरा होतो, हे मी अजूनही म्हणेन. पण बसायला तुझ्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

आणि तुझ्या त्या मेलचं उत्तर. टप्पा पडायच्या आत पुढे जाऊन घे. नाही जमलं तर दोन पावलं मागे हो. मध्ये उभा राहू नकोस. झालं. एवढंच लिहायचं होतं. मला माफ कर असं म्हणत नाही, कारण तू लगेच करशील.

उद्याचं वचन देतो. सात वाजता सगळ्यांच्या आधी मैदानावर जाईन. तुषारला बाजूला घेऊन त्या दोन ओळी सांगेन, आणि त्याला समजेपर्यंत, त्याचे हात गरम होईपर्यंत चेंडू मारून देईन, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत. मग बाकावर बसेन. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उठणार नाही. त्याने एखादा अवघड चेंडू अडवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की मी जळणार, त्याचं वचन मागू नकोस. जळत जळत बसेन, पण बसेन.

तुझा,
पव्या